नळाला पाणी आलं, घरात पाणी आलं: तुमच्या शब्दांमागचा सूर यंत्राला कसा कळतो?

२२ जुलै २०२३, शनिवार. मी पुण्यात रूमवर होतो. सकाळी फोन उघडला तर गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांचा दोनच शब्दांचा मेसेज: "पाणी आलं." मी अर्धवट झोपेत त्यावर अंगठा टाकला आणि कूस बदलली. आमच्या संग्रामपूर तालुक्यात नळाला पाणी येणं ही सांगण्यासारखी गोष्ट असते. खारपाणपट्टा आहे आमचा. विहिरीचं, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यामुळे नळ आला की घरातलं कुणीतरी ग्रुपवर टाकतंच.

अर्ध्या तासाने आईचा फोन आला. पाणी नळाला आलं नव्हतं. सातपुड्याच्या पायथ्याशी रात्रभर पाऊस कोसळला होता, नाले फुगले होते आणि पाणी काकांच्या घरात शिरलं होतं. धान्याची पोती भिजली होती. आणि त्यांच्या मेसेजखाली माझा अंगठा तसाच दिसत होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोकांनी लिहिलेला मजकूर वाचून लिहिणारा खूश आहे की नाराज हे ठरवणाऱ्या प्रोग्रामवर मी काम करतो. या कामाला भावना विश्लेषण म्हणतात, इंजिनिअर लोक 'सेंटिमेंट ॲनालिसिस' म्हणतात. त्या सकाळी मी तीच चूक केली जी असे प्रोग्राम रोज करतात. शब्द वाचले, संदर्भ वाचलाच नाही.

हे आत्ताच का बोलायचं?

कारण तुमच्या-माझ्या शब्दांचा सूर मोजणं आता फक्त कंपन्यांचं काम राहिलेलं नाही. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून मीडिया मॉनिटरिंग सेंटर उभारायचं ठरवलं. खर्च सुमारे १० कोटी रुपये. सरकारशी संबंधित बातम्या गोळा करायच्या, त्यांची सकारात्मक आणि नकारात्मक अशी वर्गवारी करायची, आणि बातम्यांचा कल, मूड, सूर काय आहे याची तासातासाला सूचना द्यायची, असं त्या कामाचं स्वरूप. बातमी दिशाभूल करणारी असेल तर लगेच खुलासा करायचा, नकारात्मक असेल तर तिच्यावरही लवकर स्पष्टीकरण द्यायचं.

दुसरीकडे तुम्ही ॲपला दिलेला रिव्ह्यू, कस्टमर केअरला पाठवलेली तक्रार, पोस्टखालची तुमची एक ओळ, हे सगळं कुठल्या ना कुठल्या चाळणीतून जातं. चाळणी सांगते: हा खूश, हा नाराज, हा मधला. त्यावरून कुणाला आधी उत्तर द्यायचं हे ठरतं. म्हणून ही चाळणी आतून कशी चालते हे माहीत असलेलं बरं.

पहिली पद्धत: शब्दांची यादी

सगळ्यात सोपी पद्धत कुणालाही सुचेल. चांगल्या शब्दांची एक यादी करा, वाईट शब्दांची दुसरी. चांगला शब्द सापडला की अधिक एक, वाईट सापडला की उणे एक. बेरीज करा, झालं.

मी दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून असा छोटा प्रोग्राम लिहिला. चांगल्या यादीत मस्त, छान, भारी, गोड, धन्यवाद. वाईट यादीत वाईट, खराब, बेकार, त्रास, खतरनाक. मग आमच्याकडे लोक बोलतात तशी पाच वाक्यं त्यात टाकली. मुद्दाम अवघड निवडली, हे आधीच कबूल करतो.

"मस्त काम चालू हाय बाप्पा. रस्ता खोदून रायले, बुजवून रायले, पुन्हा खोदून रायले. धन्यवाद!" बेरीज अधिक दोन. प्रोग्रामच्या मते हा माणूस जाम खूश आहे.

"यंदा संत्र्याचा बहार खतरनाक फुटला." उणे एक. खरं तर सोनाळा-टुनकीकडच्या शेतकऱ्यासाठी याहून चांगली बातमी नाही.

"डॉक्टर वाईट नाही, औषध बी बेकार नाही." उणे दोन. आमच्याकडे ही बऱ्यापैकी तारीफ असते.

"नळाले पाणी आलं." शून्य. "घरात पाणी आलं." तेही शून्य.

पाचपैकी पाच चुकले. आणि ही फक्त माझ्या आळशी यादीची चूक नाही. २००२ साली अमेरिकेत बो पँग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांनी सिनेमांच्या परीक्षणांवर याच विषयातला एक गाजलेला प्रयोग केला. दोन विद्यार्थ्यांना सांगितलं की चांगल्या-वाईट शब्दांच्या याद्या तुम्हीच करा. त्या याद्यांनी ५८ आणि ६४ टक्के परीक्षणं बरोबर ओळखली. नाणं उडवलं तरी ५० टक्के बरोबर येतातच. मग त्यांनी यादी बाजूला ठेवली, यंत्राला ढीगभर परीक्षणं आणि त्यांची उत्तरं दिली आणि कोणते शब्द कामाचे हे त्यालाच शोधू दिलं. आकडा जवळपास ८३ टक्क्यांवर गेला. माणसाला वाटतं की राग कोणत्या शब्दात असतो ते आपल्याला माहीत आहे. प्रत्यक्षात तो भलत्याच शब्दांत लपलेला असतो.

मराठीतला 'नाही' कुठे बसतो?

तुम्ही म्हणाल, सोपं आहे. 'नाही' दिसला की चिन्ह उलटं करा. 'वाईट नाही' मग चांगलं होईल. बरोबर, तेवढं एक वाक्य सुधारतं. पण मराठीतला नकार एका जागी गप्प बसत नाही.

"मस्त आहे की नाही!" यात 'नाही' आहे, नकार नाही. "पैसे मिळेनात" यात नकार आहे, पण 'नाही' कुठेच दिसत नाही, तो क्रियापदाच्या शेपटीत चिकटला आहे. नको, नव्हतं, नसेल, जमेना, येईना, ही सगळी त्याचीच रूपं. आणि "भारी आहे ना" मधला 'ना' नकार नाही, होकार मागणारा आहे. त्यात भर म्हणजे आपले शब्द रूप बदलतात. त्रास, त्रासाने, त्रासाला, त्रासलेला: यादीत एक शब्द टाकून भागत नाही. म्हणून आजची मॉडेल शब्दाचे छोटे तुकडे करतात आणि तुकड्यांवरून ओळख पटवतात.

तुमच्या-माझ्या वयाची भाषा तर अजून वेगळी. 'नाद खुळा', 'विषय हार्ड', 'खतरनाक'. शब्दकोश उघडून बसलात तर तिन्ही वाईट वाटतील. रीलखाली वाचलंत तर तिन्ही शाबासकी.

दुसरी पद्धत: शेजारी बघा

मग यंत्र संदर्भ कसं पकडतं? मूळ कल्पना आपल्या आजीलाही पटेल अशी आहे. माणूस कसा आहे हे त्याच्या संगतीवरून कळतं, तसं शब्द कसा आहे हे त्याच्या शेजाऱ्यांवरून.

२०१३ मध्ये गुगलच्या संशोधकांनी वर्डटूव्हेक नावाची पद्धत आणली. प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक लांबलचक रांग द्यायची. सारख्या संगतीत फिरणाऱ्या शब्दांच्या रांगा सारख्या होतात. कापूस आणि सोयाबीन जवळ येतात, कापूस आणि विमानतळ लांब राहतात. अडचण एवढीच की प्रत्येक शब्दाला एकच रांग. नळातलं 'पाणी' आणि घरात शिरलेलं 'पाणी' दोघांचे आकडे तेच.

२०१८ मध्ये गुगलचंच बर्ट आलं आणि इथे खरा फरक पडला. बर्टला शिकवताना मुख्यतः शाळेतल्यासारखा एक खेळ खेळायला लावला: रिकाम्या जागा भरा. वाक्यातला एखादा शब्द झाकायचा आणि आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखायला सांगायचं. कोट्यवधी वेळा. हा खेळ खेळता खेळता मॉडेल शिकतं की 'पाणी'चे आकडे कायमचे ठरलेले ठेवून चालणार नाही. शेजारी 'नळ' असेल तर ते एका बाजूला सरकवायचे, शेजारी 'पूर', 'घर', 'शिरलं' असेल तर दुसऱ्या बाजूला. म्हणजे एकाच शब्दाचे आकडे प्रत्येक वाक्यात नवे. चॅटजीपीटी, जेमिनी यांच्या आतही शेजाऱ्यांकडे बघण्याचं हेच तंत्र आहे, फक्त वाचलेला मजकूर अफाट.

मराठीत याच दिशेने आधीपासून काम चालू आहे. २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी हिंदी आणि मराठीचे वर्डनेट एकमेकांना जोडलेले असण्याचा फायदा घेतला. वर्डनेट म्हणजे अर्थांनुसार लावलेला शब्दकोश. यंत्राने शब्द न शिकता अर्थ शिकायचा, मग एका भाषेत शिकलेला धडा दुसऱ्या भाषेत वापरता येतो, अशी ती कल्पना.

पण उत्तरपत्रिका कुणी तपासली?

शेजारी बघून अर्थ कळला, तरी 'हे नाराजीचं वाक्य' हे यंत्राला कुणीतरी सांगावंच लागतं. ते माणसं सांगतात. हजारो वाक्यं वाचून प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवतात: सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ.

मराठीसाठी हे किचकट काम पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने केलं. २०२१ मध्ये त्यांनी महासेंट नावाचा संच सगळ्यांसाठी खुला केला. जवळपास १६ हजार मराठी ट्विट्स, प्रत्येकावर चिठ्ठी. त्यातली बरीचशी राजकीय क्षेत्रातल्या लोकांच्या खात्यांवरची. नंतर २०२३ मध्ये त्यांनीच संच वाढवून ६० हजारांच्या आसपास नेला आणि त्यात सिनेमांची परीक्षणं, टीव्ही मालिकांचे संवाद, सर्वसाधारण ट्विट्सही आणली. कारण उघड आहे. नेत्यांच्या ट्विटमध्ये 'हार्दिक अभिनंदन' आणि 'तीव्र निषेध' असतं. सिनेमा बघून आलेला माणूस असं बोलत नाही, आणि पाराजवळ बसलेला तर मुळीच नाही.

मराठीत असं काही खुलं आहे याचा मला अभिमान वाटतो. पण त्याचबरोबर एक गोष्ट घरी बसल्यावर टोचते. आमच्याकडे 'मला' नाही, 'मले' म्हणतात. 'येत आहे' नाही, 'येऊन रायलं' म्हणतात. प्रमाण मराठीवर वाढलेल्या मॉडेलला 'नळाले' मधला 'ले' 'गेले', 'आले' मधल्यासारखा दिसू शकतो. वऱ्हाडीत लिहिलेला मजकूर संचात जितका कमी, तितका आमचा सूर यंत्राला अनोळखी. तेच अहिराणी, तेच मालवणी.

आणि चिठ्ठ्या लावणारी माणसंही एकमेकांशी सहमत नसतात. मी आणि माझ्या बहिणीने गंमत म्हणून गावच्या ग्रुपवरची वाक्यं वेगवेगळी बसून तपासली. "लाईट आली एकदाची." मी लिहिलं, सकारात्मक. तिने लिहिलं, नकारात्मक. मी 'आली' वाचलं, तिने 'एकदाची' वाचलं. दिवसभर लाईटविना घरात तीच बसली होती. आता सांगा, चूक कोण?

टोमणा: सगळ्यात अवघड पेपर

रस्त्याच्या वाक्याकडे परत या. 'मस्त काम' आणि 'पुन्हा खोदून रायले' एकाच श्वासात. आयआयटी मुंबईतच २०१५ च्या सुमारास उपरोध ओळखण्यावर काम झालं. त्यातला मुद्दा हाच: एकाच वाक्यात गोड शब्द आणि कडू परिस्थिती भेटली की संशय घ्या. पुढे त्यांनी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचालीही टिपल्या, कारण टोमणा वाचताना आपली नजर अडखळते, मागे जाते.

आजची मोठी मॉडेल असे टोमणे बऱ्याचदा पकडतात. पण वाक्यात दोन्ही बाजू असतील तरच. नुसतं "वा, कमाल रस्ता!" लिहिलं, तर तो रस्ता बघितल्याशिवाय माणसालाही कळणार नाही.

माझ्या कामावरचाच एक प्रसंग. कंपनीचं नाव सांगत नाही. तक्रारी छाटणाऱ्या आमच्या प्रोग्रामने एका मराठी ग्राहकाचा मेसेज 'समाधानी' खात्यात टाकला. मेसेज होता: "धन्यवाद तुमच्या सेवेचे! तीन आठवडे झाले, पैसे परत यायचं नाव नाही. असेच मोठे व्हा." समाधानी खात्यातलं कुणी तातडीने वाचत नाही. आठवडाभर तो माणूस तसाच राहिला. ज्यांनी सरळ शिव्या दिल्या त्यांचे पैसे आधी मिळाले. त्या दिवसापासून मला हा तांत्रिक प्रश्न नुसता तांत्रिक वाटत नाही. माणूस सभ्यपणे चिडला म्हणून रांगेत मागे गेला.

तीन प्रश्न, जे रंगीत चार्ट विचारत नाही

"सोयाबीनचा भाव वाढला." चांगलं की वाईट? संग्रामपूरच्या शेतकऱ्याला चांगलं, पुण्यात तेल विकत घेणाऱ्याला वाईट. म्हणून भाव ओळखताना तीन गोष्टी लागतात: कुणाचा भाव, कशाबद्दल, कुठल्या परिस्थितीत. नुसतं 'सकारात्मक' म्हणणं म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट.

आणखी एक. मॉडेल आतून कधीच ठाम नसतं. ते शक्यता देतं: समजा सकारात्मक ४५, नकारात्मक ४०, तटस्थ १५. अहवालात मात्र फक्त 'सकारात्मक' छापलं जातं. ४५ आणि ४० मधली ती चुरस कुठेच दिसत नाही. अशा हजारो चुरशी गिळून शेवटी एक गोल चार्ट तयार होतो आणि कुणीतरी म्हणतं, जनता खूश आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या भागात खारट पाण्यामुळे किडनीचे आजार होतात, ही लोकांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. "खारपाणपट्ट्यात किडनीचे रुग्ण वाढले" अशी बातमी कोणत्याही मॉडेलला द्या, ते नकारात्मक म्हणेल. त्याचं काहीच चुकलं नाही, शब्दच तसे आहेत. पण ती बातमी खरी की खोटी, हे सूर बघून कळत नाही. सूर मोजणारं यंत्र खरेपणा मोजत नाही. नकारात्मक बातम्यांचा गठ्ठा उचलला की त्यात अफवाही येते आणि किडनीचा रुग्णही येतो. तो गठ्ठा उघडून वाचणारा माणूस ज्याला खुलासा करायचा आहे असा असेल, तर रुग्णाच्या वाट्याला खुलासा येईल. ज्याला टँकर पाठवायचा आहे असा असेल, तर पाणी येईल. यंत्र दोघांनाही तोच गठ्ठा देतं.

म्हणून मॉनिटरिंगला माझा सरसकट विरोध नाही. घरात पाणी शिरलं हे तासाभरात तहसीलला कळणार असेल तर मला ते हवंच आहे. पण 'नकारात्मक' या चिठ्ठीचा अर्थ 'मदत लागणार आहे' असा घ्यायचा की 'प्रतिमा खराब होतेय' असा घ्यायचा, हे कुठलंही मॉडेल ठरवत नाही. ते माणसं ठरवतात, आणि त्यांना आपण विचारू शकतो.

आपण काय करायचं?

टोमणे ग्रुपवर ठेवा, तिथे ते कळतात. तक्रारीच्या फॉर्मवर, ॲपवर, रिव्ह्यूमध्ये मात्र सरळ लिहा: काय झालं, कुठे, कधीपासून, काय हवं आहे. 'धन्यवाद' आणि 'वा' शेवटी काम झाल्यावर. हे यंत्रासमोर झुकणं नाही, आपलं म्हणणं चाळणीतून खाली पडू नये एवढीच सोय.

कुणी "७० टक्के लोक सकारात्मक" असा आकडा दाखवला, तर तीन गोष्टी विचारा. कुठला मजकूर मोजला? मॉडेल कुठल्या भाषेवर शिकलं? आणि जिथे मॉडेललाच शंका होती ती वाक्यं कुठे गेली?

आणि तुम्ही इंजिनिअरिंगला असाल, प्रोजेक्टचा विषय शोधत असाल, तर आपल्या बोलीतली वाक्यं परवानगी घेऊन गोळा करा आणि त्यांवर चिठ्ठ्या लावा. दोघांनी वेगवेगळ्या लावा, आणि जिथे जमलं नाही ती वाक्यं फेकू नका. 'एकदाची' मधली गंमत तिथेच असते.

काका आता पूर्ण लिहितात: "नळाले पाणी आलं, भरून घ्या." तरी परवा पावसात त्यांचा परत तोच दोन शब्दांचा मेसेज आला. मी अंगठा दिला नाही. फोन लावला आणि विचारलं, "काका, कुठं आलं?"